प्लांटेड टँकमध्ये कार्बन ठेवावा की काढावा? (नवीन पानं पांढरी पडताहेत)

पाणवठा | ४ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून एक प्लांटेड टँक, म्हणजे खरी झाडं लावलेला माशांचा टँक, लावलाय. ३ फूट बाय १ फूट बाय सव्वा फूट, म्हणजे जवळपास १०० लिटर. खाली नदीची वाळू, मुळांशी खताच्या गोळ्या, कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेरचा डबा), दिवे रोज ८ तास. सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) सोडत नाही. झाडं म्हणजे अंबुलिया, रोटाला रोटुंडिफोलिया, मागे व्हॅलिस्नेरिया आणि लाकडावर बांधलेली अनुबियास. गप्पी, ६ कोरी (तळाशी राहणारे छोटे मासे) आणि चेरी कोळंबीची बरीच पिल्लावळ.

महिना-दीड महिना झाला, अंबुलियाचे शेंडे पांढरट निघताहेत. खालची जुनी पानं हिरवीगार, पण वर येणारं प्रत्येक नवीन पान आधी पोपटी, मग पिवळं, मग जवळजवळ कागदासारखं. रोटालाचंही तेच. बाजारातलं तयार लिक्विड खत आठवड्यातून दोनदा घालतो. लेबलवर लोह आहे असं लिहिलंय.

ज्यांच्याकडून मासे घेतो ते दुकानदार म्हणतात की फिल्टरमध्ये कार्बनची पिशवी हवीच, नाहीतर पाणी पिवळं होतं. मी दर महिन्याला नवी पिशवी टाकतो. आता एका व्हिडिओत ऐकलं की कार्बन झाडांचं खत खाऊन टाकतो. खरं काय? काढू की ठेवू?

दादरकर_जुना | ४ जून, रात्री १०:४०

काढून टाका. त्या जागेत स्पंज नाहीतर सिरॅमिक रिंगा भरा. झाडं असताना कार्बनची गरज नाही.

निळा_गप्पी | ४ जून, रात्री ११:०५

मी नवीन आहे, चुकत असेन तर सांगा. झाडांना तर कार्बन लागतो ना? मग फिल्टरमधला कार्बन काढला तर झाडांचं खाणं बंद नाही का होणार? मी मुद्दाम दुप्पट टाकलाय.

अनुबियास | ५ जून, सकाळी ७:५०

निळा_गप्पी, बरं झालं विचारलंत. हा गोंधळ जवळपास सगळ्यांचा होतो, कारण आपल्या छंदात 'कार्बन' या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिला सीओटू. सिलिंडरमधून किंवा साखर-यीस्टच्या बाटलीतून सोडतो तो वायू. झाडं खरोखर खातात ती हीच गोष्ट.

दुसरा बाटलीतला 'लिक्विड कार्बन'. हे बहुतेक वेळा ग्लुटराल्डिहाइड असतं, म्हणजे मुळात निर्जंतुकीकरणाचं रसायन. शेवाळ मारायला चांगलं, पण व्हॅलिस्नेरिया त्यानं वितळते. पाणवठा, तुमच्याकडे व्हॅलिस्नेरिया आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

तिसरा फिल्टरमधला ॲक्टिव्हेटेड कार्बन. हा झाडांना काहीच देत नाही. तो फक्त पाण्यातून काढून घेतो. लाकडातून, पानांतून, माशांच्या विष्ठेतून जी सेंद्रिय द्रव्यं पाण्यात विरघळतात, ती त्याच्या छिद्रांच्या भिंतींना चिकटतात. पाण्याचा पिवळेपणा जातो, वास जातो, औषधं जातात, क्लोरीन जातो.

आणि काय जात नाही तेही सांगते, कारण तिथे दुकानात बऱ्याच थापा ऐकू येतात. अमोनिया जात नाही, नायट्राइट-नायट्रेट जात नाही, पाण्याचा जडपणा जात नाही. 'कार्बन टाकलाय, आता पाणी बदलायला नको' म्हणून सहा-सहा महिने बसलेले टँक मी पाहिलेत. काचेसारखं स्वच्छ पाणी आणि नायट्रेटची नळी लालभडक.

निळा_गप्पी | ५ जून, सकाळी ८:२०

बापरे. ताई, खूप आभार. मग माझा दुप्पट कार्बन नुसताच बसलाय म्हणायचा.

करवंटी | ५ जून, दुपारी १:३०

गाव रत्नागिरीच्या बाजूला, त्यामुळे या विषयात थोडं घरचं बोलतो. चांगला कार्बन बनतो तो नारळाच्या करवंटीपासून. आधी करवंटी हवा कोंडून जाळतात, तिचा कोळसा होतो. मग त्या कोळशातून ८०० ते १००० अंशांच्या तापमानाला वाफ सोडतात. वाफ कोळशाला आतून कुरतडते आणि लाखो बारीक छिद्रं पडतात. एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग तयार होतो. चिमूटभर काळी भुकटी, आणि आत अख्ख्या मैदानाएवढी जागा!

म्हणूनच इस्त्रीवाल्याकडचा किंवा शेगडीतला कोळसा घालून चालत नाही. तो नुसता जळलेला असतो, त्याची छिद्रं उघडलेली नसतात. वर राख सुटते आणि पीएच चढतो तो वेगळाच.

एक बारकावा. करवंटीच्या कार्बनची छिद्रं फार बारीक असतात. लाकडाचा तपकिरी रंग म्हणजे मोठमोठे रेणू, ते त्यात नीट शिरत नाहीत. तिथे दगडी कोळशापासून केलेला कार्बन जास्त चालतो, त्याची छिद्रं मोठी असतात.

सागरगोटा | ५ जून, सायंकाळी ६:१५

दादरकर काका, 'काढून टाका' इतकं सरसकट मला पटत नाही. माझ्या टँकमध्ये दोन मोठी लाकडं आहेत. वर्ष झालं तरी रंग सोडताहेत. कार्बन काढला की दहा दिवसांत पाणी कोऱ्या चहासारखं होतं आणि खालच्या गालिचाच्या झाडांपर्यंत उजेड पोचत नाही. तपकिरी पाणी उजेड खातं, त्यातही निळा भाग आधी. माझी मॉन्टे कार्लो, म्हणजे तेच गालिचाचं झाड, कार्बन असताना पसरली आणि नसताना उभी वाढून पिवळी पडली. तीनदा करून बघितलंय.

आणि जपानच्या ताकाशी अमानोंनी (१९५४-२०१५) हा सगळा नेचर ॲक्वेरियमचा प्रकार जगाला दाखवला, त्यांच्या एडीए कंपनीच्या पद्धतीतही नवीन टँकच्या फिल्टरमध्ये सुरुवातीला कार्बनच भरतात. त्यांना काय झाडं वाढवता येत नव्हती?

दादरकर_जुना | ५ जून, रात्री ९:००

सागरगोटा, 'सुरुवातीला' हा शब्द तुम्हीच लिहिलात, तोच माझाही मुद्दा आहे. नवीन टँकमध्ये माती रंग आणि सेंद्रिय घाण सोडते, लाकूड ताजं असतं, जिवाणू बसलेले नसतात. तेव्हा काही आठवडे कार्बन ठेवणं शहाणपणाचं. पुढे टँक स्थिरावला की ती जागा जिवाणूंच्या मीडियाला (स्पंज, रिंगा) द्यायची.

दुसरी बाजूही बघा. वॉलस्टॅड पद्धतीनं, म्हणजे खाली बागेची माती आणि वर वाळूचा थर देऊन टँक करणारे लोक कार्बन मुद्दाम टाळतात. त्यांचं म्हणणं असं की पाण्यातली ही विरघळलेली सेंद्रिय द्रव्यंच लोहाला धरून ठेवतात आणि झाडांना पुरवतात. शिवाय ती कुजताना सीओटू निघतो. माझे तीन टँक तसेच आहेत. पाणी किंचित पिवळसर, झाडं तरारलेली.

जलपर्णी | ५ जून, रात्री ९:४५

अवांतर: मी तर मुद्दाम पाणी तपकिरी करते! कॉलनीतल्या देशी बदामाची गळलेली पानं जानेवारी-फेब्रुवारीत लाल होऊन पडतात, ती धुऊन, वाळवून डब्यात भरून ठेवते. बेट्टा आणि कोळंबी त्यावर खूश असतात. पहिल्या वर्षी फिल्टरमध्ये कार्बन आणि टँकमध्ये बदामाची पानं, असं दोन्ही चालू होतं. दोन महिने पानं घालत राहिले आणि पाणी पांढरंच. शेवटी भावानं फिल्टर उघडून पिशवी दाखवली.

मोगरा_आणि_मासे | ६ जून, सकाळी १०:१०

जलपर्णी, बदामाचं पान पूर्ण लाल झाल्यावरच घेता की पिवळंही चालतं? आमच्याकडे पावसाळ्यात खूप पडतात.

जलपर्णी | ६ जून, सकाळी १०:३५

स्वतःहून गळलेलं आणि कोरडं झालेलं घ्या. झाडाखाली डासांची फवारणी होत असेल तर मात्र ते झाड सोडून द्या.

प्रयोगवही | ८ जून, रात्री ८:२०

शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. वाद वाचून राहवलं नाही, रविवारी घरीच करून बघितलं.

मुरंब्याच्या दोन बरण्या घेतल्या. बदामाची पानं उकळून केलेलं तपकिरी पाणी, टँकमधल्या पाण्यात मिसळून दोन्हींत एकेक लिटर. एका बरणीत नीट धुतलेला कार्बन दोन मोठे चमचे, दुसरीत काही नाही. दोन्हींत हवेचा दगड सोडला, म्हणजे पाणी हलत राहील. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्बनची बरणी फिकट लिंबू सरबतासारखी झाली होती. आज तिच्यामागे वर्तमानपत्र धरलं तर बारीक टाइपही वाचता येतो. दुसरी बरणी होती तशीच.

मग तपासण्या केल्या. नायट्रेट दोन्हींत सारखंच, २०. टीडीएसही (विरघळलेले क्षार) तेवढाच. म्हणजे अनुबियास यांनी लिहिलं ते जसंच्या तसं.

मुलांसाठी आणखी एक केलं. पाण्यात मिथिलीन ब्लूचे चार थेंब टाकून ते कार्बनबरोबर हलवलं. शाईसारखं निळं पाणी डोळ्यांदेखत फिकं पडत गेलं. म्हणूनच पांढऱ्या ठिपक्यांवर मॅलाकाइट ग्रीनचं किंवा दुसरं औषध देताना कार्बन आधी बाहेर काढावा लागतो. नाहीतर औषध माशाला लागायच्या आत पिशवीत जातं. औषधाचा कोर्स संपला की मात्र उरलेलं औषध काढायला कार्बनसारखं दुसरं काही नाही.

टेक्सासचा_तांबडा_बार्ब | ९ जून, सकाळी ६:०५

प्रयोगवही सर, मस्त. इथे अमेरिकेत बऱ्याच शहरांत नळाला नुसता क्लोरीन नसतो, क्लोरामाइन असतं. ते रात्रभर बादलीत ठेवून उडत नाही. कार्बन ते तोडतो, पण सावकाश. आणि तोडल्यावर अमोनिया मागे उरतो, तो कार्बन धरत नाही. इथले नवे लोक नुसत्या कार्बनवर भरवसा ठेवून मासे गमावतात.

दादरकर_जुना | ९ जून, सकाळी ९:३०

आपल्याकडे हायपोचे चार खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, क्लोरीनला पुरतात. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की क्लोरीन वाढवतात, तेव्हा हायपोही थोडा वाढवा.

कुर्ला_रविवार | ९ जून, दुपारी ४:२०

एक धोका सांगून ठेवतो. पैसे वाचवायला मी घरच्या पाण्याच्या फिल्टरची जुनी कार्बनची कांडी फोडून ते दाणे टँकमध्ये वापरायला निघालो होतो. सर्व्हिसला आलेला मुलगा म्हणाला, काका, यात चांदी असते, जंतू वाढू नयेत म्हणून. पिण्याच्या पाण्याच्या बऱ्याच कांड्यांमध्ये कार्बनवर चांदीचा लेप असतो. माणसाला त्रास नाही, पण मासे, कोळंबी आणि फिल्टरमधले जिवाणू या सगळ्यांना चांदी घातक. त्या पोरानं सांगितलं नसतं तर माझी सगळी कोळंबी गेली असती. टँकसाठी साधा, लेप नसलेला कार्बनच घ्या आणि काळं पाणी यायचं थांबेपर्यंत धुवा.

मोगरा_आणि_मासे | १० जून, रात्री ११:१५

कोळंबीचा विषय निघाला म्हणून लिहिते. मागच्या दिवाळीआधी घरी पेस्ट कंट्रोल केलं. मी ऑफिसात होते. टँक झाकायचा असतो हे ना त्या माणसानं सांगितलं, ना घरात कुणाला सुचलं. हवेचा पंप चालूच होता. तो खोलीतलीच हवा खेचून पाण्यात सोडतो. संध्याकाळी येऊन बघते तर कोळंबी उलट्या पडून पाय हलवत होत्या. काही मॉसमध्ये अडकलेल्या. मी पर्स खांद्यावरून न उतरवता आधी पंप बंद केला.

इथेच कधीतरी वाचलं होतं, त्यावर विसंबून निम्मं पाणी बदललं, घरात होता तेवढा सगळा कार्बन धुऊन फिल्टरमध्ये भरला, दुसऱ्या दिवशी परत निम्मं बदललं. मोठ्या कोळंबी जवळपास सगळ्या गेल्या. मासे वाचले. आणि आठवड्यानं मॉसमधून तीन इवली पिल्लं बाहेर आली तेव्हा मला रडू आलं.

तेव्हापासून टँकमध्ये कार्बन नसतो, पण कपाटात बंद डब्यात पाव किलो कायम असतो. दादरकर काका आणि सागरगोटा, तुमच्या वादात माझी बाजू हीच.

सागरगोटा | १० जून, रात्री ११:४०

मोगरा, वाचूनच कसंतरी झालं. डबा आजच भरून ठेवते.

अनुबियास | ११ जून, सकाळी ८:००

मोगरा, डबा घट्ट झाकणाचा ठेवा हं. कार्बन हवेतलेही वास आणि वाफा ओढतो. उघडा राहिला तर वापरायच्या आधीच निम्मा भरून जातो.

मळेकरी | १२ जून, सकाळी ६:३०

राम राम. माझ्याकडे टँक एकच आहे, पोरीचा. पण ऊस आहे सहा एकर. मूळ पोस्ट वाचली आणि कार्बनबिर्बन बाजूला ठेवून सांगतो, हा सरळ सरळ केवडा आहे, म्हणजे लोह न मिळाल्यानं पानं पांढरी पडणं.

चुनखडीच्या रानात उसाची नवीन पानं अशीच पांढरी पडतात. जुनी हिरवी, शेंडा पांढरा. नत्र कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी होतात, कारण झाड त्यांच्यातलं नत्र काढून कोंभाला देतं. लोह तसं हलवता येत नाही, म्हणून नवं पान उपाशी राहतं. गंमत अशी की रानात लोह नसतं असं नाही. असतं, पण चुनखडीमुळे सामू (पीएच) वाढतो आणि ते मुळांना घेता येत नाही.

तेव्हा पाणवठा दादा, आधी हे सांगा, पाणी कुठलं वापरता? आणि तुमच्या बाटलीवर लोह कुठल्या रूपात आहे?

पाणवठा | १२ जून, रात्री ९:५०

मळेकरी दादा, तुम्ही अगदी नेमकं विचारलंत. मूळ पोस्टमध्ये हे लिहायचं राहिलं. आम्ही वाघोलीच्या बाजूला राहतो. मार्चपासून सोसायटीत बोअरचं पाणी येतंय. आत्ता मोजलं: टीडीएस ६२०, पीएच ८.१, केएच (कार्बोनेटचा जडपणा) १४. पूर्वी टीडीएस २०० च्या आत असायचा. खताच्या बाटलीवर 'लोह, ईडीटीए चिलेटेड' असं लिहिलंय.

म्हणजे पानं पांढरी व्हायला लागली ती पाणी बदलल्यानंतरच. मी हे दोन्ही जोडूनच बघितलं नव्हतं. तरीही कार्बन आजच काढतोय. एकेक गोष्ट करून बघतो.

मळेकरी | १३ जून, सकाळी ६:४५

मग गाठ सुटली. ईडीटीए हे चिलेट, म्हणजे लोहाला धरून पाण्यात विरघळलेलं ठेवणारं रसायन. ईडीटीएचं लोह साडेसहाच्या सामूपर्यंत टिकतं. त्याच्या वर ईडीटीए लोहाला सोडून कॅल्शियमला धरायला लागतं, आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियमला काय तोटा. सुटलेल्या लोहाचा गंज होऊन तळाशी बसतो. डीटीपीए साडेसातपर्यंत चालतं. आठच्या वर एकच, ईडीडीएचए. द्राक्ष-डाळिंबवाले ठिबकातून सोडतात ते. कृषी सेवा केंद्रात 'फेरस ईडीडीएचए ६ टक्के' म्हणून मागा. काळपट लाल पावडर असते. हिराकस (फेरस सल्फेट) मात्र टँकमध्ये टाकू नका, काही तासांत गंज होतो.

प्रयोगवही | १३ जून, रात्री ८:००

मळेकरी, तुमच्या या एका प्रतिसादात माझे दोन तास भरतील. वर्गात वापरतो.

निळा_गप्पी | १३ जून, रात्री ८:३०

मग कार्बन खत खातो हे खोटंच ना?

अनुबियास | १४ जून, सकाळी ७:४०

कुठलं खत त्यावर आहे. पोटॅशियम नायट्रेट, मोनोपोटॅशियम फॉस्फेट, पोटॅशियम सल्फेट, म्हणजे शेतीच्या दुकानातलं १३-०-४५, ०-५२-३४, ०-०-५०, ही पाण्यात आयन होऊन फिरतात आणि कार्बन त्यांना जवळजवळ धरत नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यं चिलेटमध्ये बांधलेली असतात, तिथे थोडंफार जातं, तेही ताज्या कार्बनमध्ये. आठवड्याला निम्मं पाणी बदलून भरपूर खत घालणाऱ्यांच्या टँकमध्ये तेवढ्यानं काही बिघडत नाही.

जलपर्णी | १४ जून, सकाळी ११:२०

आणि जुना झालेला कार्बन धरलेलं सगळं परत ओकतो म्हणतात, ते?

अनुबियास | १४ जून, दुपारी १२:१०

सगळं एकदम ओकल्याचं मी वीस वर्षांत पाहिलं नाही. दोन ते चार आठवड्यांत त्याची जागा भरते, मग तो साध्या खड्यासारखा राहतो आणि त्यावर जिवाणू बसतात. तेही उपयोगाचेच. सतत पाणी नितळ हवं असेल तर प्युरिजेन बघा. पांढरे कृत्रिम मणी असतात, भरले की चॉकलेटी होतात, ब्लीचमध्ये २४ तास ठेवले की परत पांढरे. पण नंतर हायपोच्या पाण्यात बुडवून क्लोरीन पूर्ण घालवायचा, त्यात हयगय नको.

पाणवठा | ३ जुलै, रात्री १०:३०

तीन आठवडे झाले, हिशोब देतो. १२ जूनला कार्बन काढला. बाकी काहीही बदललं नाही, खत तेच, पाणी तेच. पाणी किंचित पिवळं झालं. पानं? तशीच पांढरी. काही फरक नाही.

काल हडपसरच्या एका कृषी सेवा केंद्रातून ईडीडीएचए आणलं. १०० लिटरला किती घालायचं? पुडीवर एकराचं प्रमाण आहे.

मळेकरी | ४ जुलै, सकाळी ६:२०

मी एकरातच बोलतो, लिटरचा हिशोब सर करतील.

प्रयोगवही | ४ जुलै, रात्री ८:४५

लोह पाण्यात ०.१ पीपीएम (लिटरला ०.१ मिलिग्रॅम) ठेवायचं धरू. १०० लिटरला ते १० मिलिग्रॅम होतं. पावडरीत लोह ६ टक्के, म्हणजे साधारण १७० मिलिग्रॅम पावडर. एवढी घरच्या काट्यावर मोजता यायची नाही. म्हणून १० ग्रॅम पावडर अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवा. त्यातलं ८ ते ९ मिली एका वेळचं. तपकिरी बाटलीत ठेवा, उजेडात चिलेट मोडतं. पहिल्यांदा निम्मंच घाला, कोळंबी आहेत.

पाणवठा | ५ जुलै, रात्री ९:१०

घातलं. बाटलीत दाट कोकमाच्या आगळासारखा रंग होता. टँकमध्ये पडल्यावर धुरासारखा पसरला आणि मग सगळं पाणी अगदी फिकं गुलाबी. मुलगी म्हणाली, बाबा, मासे सरबतात पोहतायत! कोळंबी व्यवस्थित चरताहेत.

सागरगोटा | ५ जुलै, रात्री ९:३०

फोटो टाका! पण पाऊस सुरू झालाय, बोअरचं पाणी सौम्य तर झालं नसेल? नाहीतर पानं हिरवी झाली तरी श्रेय कशाचं ते कळायचं नाही.

पाणवठा | ५ जुलै, रात्री ९:४०

चांगला मुद्दा. आत्ताच मोजलं. टीडीएस ५९०, पीएच ८.१. दर रविवारी मोजून लिहून ठेवेन.

पाणवठा | २६ जुलै, रात्री ९:३०

मंडळी, अंबुलिया हिरवी झाली!

नीट सांगतो. पांढरी झालेली पानं पांढरीच राहिली, ती सुधारली नाहीत. पण दहाव्या-बाराव्या दिवशी शेंड्यात जो नवा झुबका फुटला तो हिरवा होता. आज एकाच काडीवर तीन पट्टे दिसतात: खाली जुनी गडद पानं, मधे चार बोटं पांढरी, वर परत हिरवी. मार्चपासूनचा सगळा इतिहास त्या एका काडीवर आहे. रोटालाचे शेंडेही परत लालसर व्हायला लागलेत. पीएच चारही रविवारी ८.१ ते ८.२, म्हणजे पावसाचा हात नाही.

मळेकरी | २७ जुलै, सकाळी ६:१५

लई भारी. पोरीला वाचून दाखवलं.

दादरकर_जुना | २७ जुलै, सकाळी ९:००

अभिनंदन. पण एक परीक्षा राहिली. आता तेच खत चालू ठेवून कार्बन परत घालून बघा. मी सुरुवातीला धाडकन 'काढून टाका' म्हणालो होतो आणि काढून काही झालं नाही. मला खरोखर जाणून घ्यायचंय.

पाणवठा | ८ ऑगस्ट, रात्री १०:००

दादरकर काका, केलं. २ ऑगस्टला, रविवारी सकाळी ईडीडीएचए घातलं, पाणी नेहमीसारखं गुलाबी झालं. लगेच १०० ग्रॅम नवा कार्बन धुऊन कॅनिस्टरमध्ये ठेवला. संध्याकाळपर्यंत गुलाबी छटा निम्मी झाली. दुसऱ्या दिवशी रात्री टँकमागे पांढरा कागद धरला, पाणी एकदम नितळ. कार्बन नसताना हीच छटा मला पाच-सहा दिवस दिसत होती.

अनुबियास | ९ ऑगस्ट, सकाळी ७:३०

हे फार महत्त्वाचं आहे आणि 'थोडंफार जातं' हे माझं वाक्य मी दुरुस्त करते. ईडीडीएचए हा मोठा, वलयं असलेला, रंगीत रेणू आहे. कार्बनला असेच रेणू सगळ्यात जास्त आवडतात, बदामाच्या पानांचा रंग किंवा मिथिलीन ब्लू जसा. ईडीटीए लहान आहे, तो कार्बनला फारसा चिकटत नाही. म्हणजे जून महिन्यात तुमचं लोह कार्बननं खाल्लं नव्हतं, ते बोअरच्या पाण्यानं खाली बसवलं होतं. आणि आता मात्र कार्बन ठेवलात तर लोह खरोखर त्याच्याच पोटात जाईल.

सागरगोटा | ९ ऑगस्ट, सकाळी १०:१५

मला मऊ पाणी आणि लाकडं आहेत, मी ईडीटीए वापरते, त्यामुळे माझा कार्बन राहतोय. पण आता खत घालायच्या दिवशी पिशवी एक रात्र बाहेर काढून बघणार आहे.

दादरकर_जुना | ९ ऑगस्ट, सकाळी ११:००

सागरगोटा, पिशवी बाहेर काढली तर ओली ठेवा, टँकच्याच पाण्यात, नाहीतर वरचे जिवाणू मरतील. आणि निकाल इथे लिहा.

पाणवठा | ९ ऑगस्ट, रात्री ९:२०

कार्बन काल रात्रीच काढला. सुकवलेला नवा साठा मोगरा ताईंसारखा घट्ट झाकणाच्या डब्यात, टँकखालच्या कपाटात. वर चिकटपट्टीवर मुलीनं लिहिलंय: 'पेस्ट कंट्रोल आणि औषधानंतर'.

अंबुलिया पाण्याबाहेर यायला लागली म्हणून आज छाटली. पांढरा पट्टा कापून टाकला, वरचे हिरवे शेंडे चाळीसएक निघालेत. बादलीत ठेवलेत. वाघोली, खराडी, हडपसरकडे कुणाला हवे असतील तर रविवारपर्यंत व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. निळा_गप्पी, तुमच्यासाठी दहा बाजूला ठेवलेत.